कापलेले ठोके

सगळं रुग्णालय तिला पट्टीताई म्हणायचं. माणसाच्या हृदयाचा आलेख कागदाच्या लांब पट्टीवर उतरवायचा आणि ती पट्टी कापून जाड कार्डावर चिकटवायची, हे तिचं काम. एकतीस वर्षं. तळमजल्यावर एक अरुंद खोली, रेक्झिनचा पलंग, यंत्र, जेलीची बाटली, डिंकाची बाटली, कात्री. खिडकी होती, पण समोर शेजारच्या इमारतीची भिंत. छतावर ओलीचा एक डाग होता. शर्ट काढून आडव्या पडलेल्या हजारो माणसांनी तो डाग पाठ केला असेल. आपलं काळीज आता कागदावर उघडं पडणार, या विचाराने माणसं गप्प होतात आणि वर बघत राहतात.

यंत्र जुनं. एका वेळी एकच ओळ काढायचं. शरीरावरच्या बारा ठिकाणांहून बारा पट्ट्या निघत. प्रत्येक पट्टीतले तीन-चार चांगले ठोके निवडायचे, कापायचे, कार्डावर ओळीने लावायचे, उरलेलं टोपलीत. चांगले म्हणजे एकसारखे, सख्खी भावंडं वाटावीत असे. मध्येच एखादा वेडावाकडा ठोका आला की ‘पेशंट हलला’ म्हणायचं आणि कात्री चालवायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तिच्या आधीच्या बाईनं तिला असंच शिकवलं, तिनं तिच्यानंतर आलेल्या दोघींना. वरच्या मजल्यावरचे हृदयाचे मोठे डॉक्टर फटकळ माणूस, कौतुकाला महाग, पण तेही एकदा म्हणाले होते, “पट्टीताई, तुमची कार्डं बघून वाटतं, माणसं आजारी पडतात कशाला.”

हे वाक्य तिनं बरीच वर्षं जपून ठेवलं.

तिचा धाकटा दीर मालधक्क्यावर क्रेन चालवायचा. शिडीच्या एकशे बारा पायऱ्या चढून गेलं की काचेची केबिन, आणि तिच्यात एकटा माणूस. क्रेनवाल्यांची तपासणी दरवर्षी याच रुग्णालयात व्हायची, आणि दिराचा आलेख वहिनीच काढायची. टवाळ माणूस. पलंगावर पडला की तोंड सुरू.

“वहिनी, नीट बघा हं. आत तुमची जाऊ दिसते का?”

“दिसते ना. लाटणं घेऊन उभी आहे. हलू नका, भाऊजी.”

“मी हललोच नाही.”

“मग हे मध्येच काय आलं?”

“मला काय विचारता? तुमचं यंत्र, तुमचा कागद.”

“गप्प पडा जरा. हात सैल सोडा.”

आणि कात्री. पहिल्या वर्षी असे दोन-तीन ठोके होते. दुसऱ्या वर्षी जास्त. तिसऱ्या वर्षी तिला चांगले चार सलग मिळेनात, म्हणून तिनं पट्टी लांब काढली, त्यातून निवडले, आणि कार्ड नेहमीसारखंच देखणं केलं. रक्तदाब मात्र कार्डावर चिकटवायची वस्तू नव्हती. तो चढाच होता. एक गोळी होती तिच्या दोन झाल्या. दुसरी लघवी वाढवणारी. दिराला आधीच तहान फार, लघवी फार. आता ऊतच आला. रात्रीतून पाच वेळा उठायचा. केबिनमध्ये दोन बाटल्या नेतो म्हणायचा, “एक आत घालायची, एक बाहेर काढायची. फक्त घाईत बाटली चुकता कामा नये.” घरात सगळे हसायचे. पिंढऱ्यांत गोळे येतात, शिडीवर चाळिसाव्या पायरीला थांबावं लागतं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. शिडीवर थांबणारा क्रेनवाला लवकरच खालचा कारकून होतो, हे त्याला माहीत होतं.

तिसऱ्या तपासणीनंतर पाच महिन्यांनी, दुपारी दोन वाजता, पाळी संपवून खाली उतरला, शेवटच्या पायरीवरून पाय जमिनीवर टेकवला आणि पडला. शुद्धीवर आला तेव्हा भोवती हेल्मेटं होती. नव्वद पायऱ्या आधी हे झालं असतं तर पुढचं काही लिहिण्यासारखं उरलं नसतं.

अतिदक्षता विभागात त्याच्या पडद्यावर ठोक्यांची नुसती झुंबड होती. पाच-सहा ठोके कुणी मागे लागल्यासारखे धावायचे, मग एक लांब थांबा, मग पुन्हा धाव. तीन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. पट्टीताई जावेला घेऊन गेली.

“हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत,” ते म्हणाले. “भिंत जाड झालीय, ती रक्तदाबानं. बिघाड विजेत आहे. रक्तातले क्षार ठीक, पोटॅशियम तीन पॉइंट आठ. म्हणजे बाहेरचं कारण नाही. छातीत यंत्र बसवू. ठोके भरकटले की ते आतून झटका देईल. सोमवारी करू.”

“आणि क्रेन?” जावेनं विचारलं.

“क्रेन विसरा. हाताशी वीस टन लटकत असताना आतून झटका बसला तर? खाली माणसं असतात, बाई.”

त्यांचं चूक नव्हतं. तेच तर वाईट होतं.

दिरानं ऐकलं आणि कूस बदलली. संध्याकाळी वहिनी त्याच्या उशाशी बसली तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “वर गेलं ना वहिनी, की मी कुणाचा भाऊ नाही, कुणाचा बाप नाही. खाली शिटी वाजते, मी दोन बोटांनी दांडी ढकलतो, आणि घराएवढं ओझं अंड्यासारखं अलगद ठेवतो. मला दुसरं काही येत नाही हो. यंत्र बसवा, जगवा, पण मग मी खाली बसून करू काय? पावत्यांवर शिक्के मारू?”

“जीव वाचला तर शिक्केसुद्धा मारता येतात, भाऊजी.”

“ते तुम्ही म्हणताय. तुमची कात्री काढून घेतली तर?”

ती उठली. त्यानं सहज बोललेलं तिच्या छातीत रुतून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी ड्यूटीआधी ती जुन्या कागदांच्या खोलीत गेली आणि दिराची तीन वर्षांची तीन कार्डं काढून आणली. टेबलावर एकाखाली एक मांडली. मनात एकच होतं: टोपलीत गेलेले ते ठोके पेशंट हलल्याचे नव्हते. तेव्हाच कुणी ते पाहिले असते तर माणूस शिडीखाली पडला नसता. आता कार्डावर त्यांचा मागमूस नव्हता. तीन कार्डं, तिन्ही स्वच्छ. आपल्या हातची स्वच्छता इतकी भयंकर दिसू शकते हे तिला त्या सकाळी कळलं.

मग तिला टेकडी दिसली.

प्रत्येक ठोक्याला एक उंच सुळका असतो आणि त्याच्यामागे एक गोल टेकडी. सुळका म्हणजे हृदय आवळलं. टेकडी म्हणजे ते सैल होऊन पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होतंय. दिराच्या कार्डावर त्या टेकडीमागे आणखी एक टेकडी होती. पहिल्या वर्षी जेमतेम फुगवटा. दुसऱ्या वर्षी स्पष्ट. तिसऱ्या वर्षी पहिली टेकडी बसकी झालेली आणि दुसरी तिच्या डोक्यावरून डोकावणारी. ही दुसरी टेकडी पट्टीताईनं शेकड्यांनी पाहिली होती, आठवडाभर जुलाब-उलट्यांनी पिळून निघालेल्या माणसांच्या पट्ट्यांवर. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम वाहून गेलेलं असायचं. शिरेतून ते भरलं की दोन दिवसांत टेकडी विरघळायची.

वेडेवाकडे ठोके तिनं कापून टाकले होते. टेकडी कापता आली नव्हती, कारण ती प्रत्येक चांगल्या ठोक्याच्या पाठीवर बसलेली होती. तिच्या कात्रीतून ती निसटून आली होती. भरतीच्या दिवशीच्या कागदावर ठोक्यांची इतकी दंगल होती की तिथे कुणाला ती सापडणं शक्य नव्हतं.

पण रिपोर्ट तर म्हणत होता, पोटॅशियम ठीक.

जाऊ बाहेर बाकावर डबा मांडीत धरून बसली होती. पट्टीताई तिच्याशेजारी टेकली.

“अगं, त्या दिवशी भाऊजींचं रक्त घेतलं तेव्हा तू तिथेच होतीस ना? कसं घेतलं, सांग.”

“कसं म्हणजे? सुईनं.”

“ते कळलं. नीट सांग.”

“शीरच मिळेना, ताई. दंडाला पट्टा आवळला तो आवळलाच. मूठ उघडा, मूठ मिटा, उघडा, मिटा. वीस वेळा तरी. हे शुद्धीवर येऊन जेमतेम दोन तास झालेले, तरी म्हणतात कसे, ‘अहो, मी रक्त द्यायला आलोय की गाय दोहायला?’ मग एकदाचं निघालं. ती नळी खिडकीत ठेवली, न्यायला माणूस नव्हता. तासभर तरी उन्हात पडली होती.”

पट्टीताईनं तिचा हात इतक्या जोरात दाबला की डबा कलंडला. घट्ट पट्टा बांधून मूठ चालवली की स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं. नळी तशीच पडून राहिली की रक्तातल्या पेशी आणखी सोडतात. कमी असलेला आकडा आपोआप ठीक होऊन बसतो. हे खालच्या मजल्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि घाईच्या दिवशी प्रत्येकजण विसरतो. जशी ती विसरली होती, की माणूस ‘मी हललो नाही’ म्हणतो तेव्हा तो खरंही बोलत असेल.

मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी ती दोन मिनिटं उभी राहिली. आत जाऊन नुसतं ‘रक्त पुन्हा तपासा’ म्हणता आलं असतं. पण रिपोर्ट ठीक असताना पट्टी कापणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून सोमवारचं काम कोण थांबवणार? टेकडीबरोबर ठोकेही सांगावे लागणार होते. एकतीस वर्षांची अब्रू हातात तीन कार्डांच्या रूपात होती. ती आत गेली आणि कार्डं टेबलावर ठेवली.

“साहेब, ही दुसरी टेकडी बघा. तीन वर्षं वाढतेय. रक्ताचा रिपोर्ट चुकलाय. आणि मीही.”

“तुम्ही काय केलंत?”

“यातले अवेळी आलेले ठोके मी कापून टाकले. दर वर्षी. माणूस हलला असं समजून. तो सांगत होता हललो नाही. मी त्याला गप्प केलं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “फक्त याचेच?”

“सगळ्यांचे. आमच्या खोलीत असंच करतात.”

“म्हणजे मी आठ वर्षं माणसांची हृदयं वाचत नव्हतो. तुमची कात्री वाचत होतो.”

तिनं मान खाली घातली नाही. घातली असती तर तिथेच कोसळली असती.

डॉक्टर कार्डं घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ त्यांची पाठ दिसत राहिली. पाठ रागावलेली होती. मग ती हळूहळू सरळ झाली.

“तहान लागते याला?”

“फार.”

“रात्री उठतो?”

“पाच वेळा. केबिनमध्ये दोन बाटल्या नेतो, साहेब.”

“दोन कशाला?”

तिनं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. त्यांनी फोन उचलला. “सोमवारचं यंत्र थांबवा. रक्त पुन्हा घ्या. पट्टा न बांधता, मूठ न चालवता. आणि नळी पट्टीताई स्वतः खाली नेतील. पळत.”

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती दोन मजले जिन्यानं पळत उतरली. तासाभरात आकडा आला: दोन पॉइंट सहा. इतक्या कमी पोटॅशियमवर माणसाचं हृदय तीन वर्षं तगलं, याचंच प्रयोगशाळेतल्या माणसाला नवल वाटलं.

शिरेतून पोटॅशियम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पडद्यावरची दंगल ओसरली. तरी प्रश्न उरलाच, जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, मग हे जातं कुठे? एकट्या गोळीचं हे काम नव्हतं. टेकडी गोळीच्या आधीची होती. तो प्रश्न डॉक्टरांनी सोडवला. चढा रक्तदाब आणि घटलेलं पोटॅशियम हातात हात घालून आले, की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींकडे बघायचं. काही गोळ्या बदलल्या, काही आठवडे थांबले, रक्तातलं एक संप्रेरक मोजलं. अल्डोस्टेरॉन. ते चौपट होतं. मग चित्रं काढली, दोन्ही बाजूंच्या शिरांतून रक्त घेऊन खात्री केली. डाव्या ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ होती.

“एवढीशी?” दीर म्हणाला.

“एवढीशीच,” डॉक्टर म्हणाले. “हे संप्रेरक शरीरात मीठ अडवून ठेवतं, म्हणून रक्तदाब वाढतो. त्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे घालवून देतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीला पुन्हा सज्ज व्हावं लागतं, ते पोटॅशियमच्या जोरावर. ते कमी पडलं की सज्ज व्हायला उशीर होतो, आणि त्या उशिरात नको तो ठोका मध्ये घुसतो. शिवाय हे हृदयाच्या भिंतीवरही चरतं, तिला जाड करतं. तुमचं हृदय बिघडलेलं नव्हतं. त्याला कुणीतरी सतत चुकीचे हुकूम देत होतं.”

दिरानं एक बोट हुकासारखं वाकवलं. “म्हणजे आधीचं ओझं टेकवलंय, पण हुक अजून झुलतोय, आणि खालचा माणूस ‘उचल’ म्हणून शिटी मारतोय.”

“अगदी तसंच.”

“असा शिटीवाला आमच्याकडे असता तर त्याला आम्ही पहिल्या दिवशी हाकलला असता.”

“आपणही हाकलू.”

पोटाला तीन छोटी भोकं पाडून ती ग्रंथी काढली. छातीत यंत्र बसलं नाही.

मधल्या काळात पट्टीताईला रुग्णालयाकडून लेखी समज मिळाली. मोठ्या डॉक्टरांनीच लिहायला लावली. तिनं ती उभ्यानं वाचली, सही केली, आणि त्याच दुपारी आपल्या खोलीतल्या दोघींना समोर बसवून सांगितलं की आजपासून पट्टी अख्खी ठेवायची, घडी घालून पाकिटात. वाकडा ठोका आला तर त्याच्याखाली पेन्सिलीनं खूण, आणि माणसाला विचारायचं, हललात का.

“आणि तो नाही म्हणाला तर?” धाकटीनं विचारलं.

“तर त्याचं खरं मानायचं.”

“पण ताई, किती घाण दिसेल ते!”

“दिसू दे.”

त्या महिन्यात अख्ख्या पट्ट्यांमुळे आणखी दोघांची हृदयं वेळेत वरच्या मजल्यावर पोचली. एक शाळेतल्या बाई, एक भाजीवाला. पट्टीताईनं हे घरी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दोन्ही दिवशी ती चालत घरी गेली, कारण बसमध्ये बसवेना इतकं अंगात काहीतरी उसळत होतं.

तीन महिन्यांनी मालधक्क्याच्या साहेबांनी अट घातली: चोवीस तास आलेख नोंदणारी पेटी कमरेला बांधून क्रेनवाल्यानं शिडी चढून दाखवायची. मध्ये थांबला किंवा आलेख बिघडला तर कायमचा खाली. पेटी बांधायला पट्टीताई गेली. सकाळचे नऊ. जाऊ आली होती, धक्क्यावरची माणसं हातातली कामं टाकून गोळा झाली होती.

“भाऊजी, तारा खेचू नका.”

“वहिनी, आज हललो तरी चालेल ना?”

“आज नाचा.”

तो चढू लागला. दहा. वीस. जाऊ ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत होती. चाळिसाव्या पायरीवर त्याचा पाय क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटला आणि जावेचे आकडे थांबले. पण तो फक्त वर बघत होता, किती उरलं ते. मग पुढे निघाला, एका लयीत, ना घाई ना कष्ट. सत्तर. शंभर. एकशे बारा. केबिनचं दार उघडलं, बंद झालं.

“बघितलंस ताई?” जाऊ म्हणाली. “आणि घरी दळण आणायला सांगितलं की गुडघे दुखतात!”

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पेटीतली नोंद पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. एक लाख चार हजार ठोके. अवेळी आलेले सात.

“सात?” पट्टीताईचा चेहरा उतरला.

“माझे याहून जास्त निघतील,” डॉक्टर म्हणाले आणि सही केली. रक्तदाबाची एक गोळी राहिली, बाकी सुटल्या. दाराशी पोचल्यावर त्यांनी तिला हाक मारली. “पट्टीताई. त्या दिवशी आत यायला किती वेळ लागला?”

“दोन मिनिटं, साहेब.”

“मला दोन वर्षं लागली असती.”

सोमवारी दिराची पहिली पाळी होती. पट्टीताई रजा टाकून धक्क्यावर गेली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली. वरून कुणी दिसत नव्हतं, काचेवर नुसतं ऊन. मग लोखंड करकरलं. अठरा टनांचं एक यंत्र, ताडपत्रीत गुंडाळलेलं, जमिनीपासून एक वीत सुटलं, हातभर उंच झालं, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या. ते ओझं आकाशातून सावकाश सरकलं, ट्रकवर आलं आणि असं टेकलं की ट्रकच्या टायरांनासुद्धा उशिरा कळलं असावं.

धक्क्यावर एकच आरोळी उठली. पट्टीताईनं दोन बोटं तोंडात घातली. लहानपणी भावांकडून शिकलेली, लग्न झाल्यापासून कधी न मारलेली एक शिट्टी तिनं इतक्या जोरात मारली की दारावरचा रखवालदार दचकून वळला, आणि समोर पदर खोचलेली, केस पिकलेली बाई बघून त्यानं टोपी सावरली. त्याच्याकडे न बघता तिनं दुसरी मारली. वरून क्रेनचा भोंगा वाजला, लांब, अख्खा, मध्ये कुठेही न तुटता.